मैदान कोणाचे? सार्वजनिक जागा आणि आपले कर्तव्य
(संस्थेच्या कार्यकर्ता व विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो काहींना किरकोळ वाटेल. शिक्षण, नोकऱ्या, अत्याचार असे गंभीर प्रश्न समोर असताना बागा आणि मैदानांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात, तेव्हा मुलाने अभ्यासाला कोठे बसावे, म्हाताऱ्याने संध्याकाळी कोठे टेकावे, मुलींनी कोठे खेळावे आणि वस्तीने भीमजयंतीचा मंडप कोठे घालावा, या सर्वांचे उत्तर एकच असते, आणि ते म्हणजे वस्तीतले मैदान. ज्यांच्या घरापुढे अंगण आहे, ज्यांना क्लबाची वर्गणी परवडते, त्यांचे मैदानावाचून अडत नाही. आपले अडते. म्हणून एखादी नगरपालिका कोणालाही न विचारता मैदान काढून घेते, बागेला कुलूप लावते किंवा व्यायामशाळेची जागा दुसऱ्या कामाला देते, तेव्हा तो अन्याय प्रथम आपल्या दारात येतो.

या प्रश्नाकडे आम्ही महाडपासून पाहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालविलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य समाजाला करता आला पाहिजे, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने तो कागद प्रत्यक्षात आणला. आणि मग नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपलाच ठराव मागे घेतला. ज्यांचा हक्क जात होता, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तळे खाजगी असल्याचा दावा करून मंडळी कोर्टात गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. एका बैठकीतला ठराव लोकांचे दहा वर्षांचे नुकसान करू शकतो, हे महाडने आपल्याला शिकविले आहे.

हेच दुःख सातासमुद्रापलीकडेही भोगले गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तेथील थोर विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिले होते आणि डु बॉईस यांनी त्याला उत्तरही दिले होते. तेव्हा तेथे पुढे काय घडले, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी हे शहर आपल्याला बस बहिष्कारामुळे ठाऊक आहे. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली वर्षभराहून अधिक काळ कृष्णवर्णीय जनता पायी चालली. बसचा लढा जिंकला. त्यानंतर प्रश्न आला तो बागांचा. शहरातील ओक पार्कमध्ये सुंदर तलाव होता, प्राणिसंग्रहालय होते, पण कृष्णवर्णीयांना आत मज्जाव होता. कर ते भरीत होते, बाग मात्र त्यांची नव्हती. १९५८ साली त्यांनी प्रथम अर्ज केला आणि दाद लागेना तेव्हा कोर्टात दावा दाखल केला. नगरसभेने यावर असा तोडगा काढला की १ जानेवारी १९५९ पासून शहरातील सर्वच बागा सर्वांसाठी बंद! कृष्णवर्णीयांबरोबर बसावे लागू नये म्हणून गोऱ्या मुलांचीही बाग घालविली. त्याच वर्षी न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी बागांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, तरी कुलपे निघाली नाहीत. बागा उघडल्या त्या थेट १९६५ साली. तोपर्यंत प्राणी विकून झाले होते आणि पोहण्याचा तलाव मातीने बुजविला होता.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे पाच सार्वजनिक पोहण्याचे तलाव होते. चार गोऱ्यांसाठी आणि एक कृष्णवर्णीयांसाठी. न्यायालयाने वर्णभेद बेकायदा ठरविल्यावर १९६३ साली नगरसभेने आपल्या मालकीचे चार तलाव बंद केले आणि पाचवा, जो भाडेपट्ट्याने घेतला होता, तो सोडून दिला. तो पुढे एका खाजगी संस्थेने फक्त गोऱ्यांसाठी चालविला. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव सर्वांनाच बंद केले आहेत, तेव्हा यात भेदभाव नाही.

मित्रहो, या युक्तिवादाकडे नीट पाहा. "आम्ही सर्वांनाच बंद केले" हे ऐकायला समतेसारखे वाटते. परंतु ज्याच्या घरी तलाव आहे किंवा ज्याला खाजगी संस्थेचे दार उघडे आहे, त्याचे काय गेले? गेले ते ज्याला दुसरी जागाच नाही त्याचे. चार न्यायमूर्तींनी बहुमताला विरोध केला, याची नोंद इतिहासात आहे. आज आपल्याकडे बाग बंद करताना कोणी जातीचे नाव घेणार नाही. देखभालीला पैसा नाही, उपद्रव होतो, वाहनतळ हवा आहे, विकास करायचा आहे, अशी कारणे दिली जातील. त्यातली काही खरीही असतील. परंतु कारण कोणतेही असो, किंमत कोण मोजणार, हे आपण विचारले पाहिजे.

आता याबाबत तथागतांचे शासन काय सांगते ते पाहू. पाली भाषेत 'आराम' म्हणजे बाग, उपवन. बिंबिसार राजाने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले. ते कोणा एका भिक्खूला दिलेले नव्हते, संघाला दिलेले होते. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. एका ठिकाणचे भिक्खू येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंची राहण्याची व्यवस्था लावता लावता कंटाळले. त्यांनी विचार केला की ही सर्व निवासस्थाने एकालाच देऊन टाकू आणि त्याची म्हणून आपण वापरू. त्याप्रमाणे त्यांनी दिली. मग बाहेरून भिक्खू आले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, संघाची जागा आता उरलीच नाही. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी त्या भिक्खूंना दोष दिला आणि नियम घालून दिला की पाच प्रकारच्या वस्तू कधीही देऊन टाकता येणार नाहीत. त्या पाचांत पहिली वस्तू आहे आराम आणि आरामाची जमीन. एका व्यक्तीने नाही, गटाने नाही, एवढेच नव्हे तर खुद्द संघानेही ती देता कामा नये, आणि दिली तरी ती दिली गेली असे समजायचे नाही!

हा नियम किती दूरदृष्टीचा आहे! आज हजर असलेले सर्व जण एकमताने म्हणाले तरी बाग त्यांची होत नाही, कारण ती उद्या येणाऱ्यांचीही आहे. शिवाय संघात एखादे महत्त्वाचे कर्म करायचे तर प्रथम प्रस्ताव, म्हणजे 'ञत्ति', मांडली जाई आणि मग तीन वेळा विचारले जाई की ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. आजारी भिक्खूची संमतीही दुसऱ्याकरवी आणली जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीची देशाला आठवण करून दिली होती. लोकांना विचारणे ही आपल्याकडे परदेशातून आलेली गोष्ट नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने निकाल दिले आहेत. बंगलोरच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून एका खाजगी शुश्रूषागृहाला देण्यात आली होती. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचे, असा बचाव झाला. १९९१ साली न्यायालयाने तो अमान्य केला आणि अशा बाबतीत दाद मागण्याचा रहिवाशांना अधिकार आहे, हेही स्पष्ट केले. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्क स्वातंत्र्यलढ्यातील सभांचे ठिकाण. तेथील महापालिकेने निविदाही न काढता एका बांधकाम कंपनीला त्याखाली भूमिगत बाजार बांधायला दिला. १९९९ साली न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला. महापालिका ही जागेची विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला ठेव मोडता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. चुल्लवग्गातला नियम आणि हा निकाल यांत आम्हाला एकच न्यायबुद्धी दिसते.

एक निकाल मात्र आपल्यासारख्या संस्थांनी विशेष ध्यानात ठेवावा. हरियाणातील थानेसर येथे मोकळी राखलेली जागा नगरपालिकेने एका समाजाच्या संस्थेला धर्मशाळेसाठी दिली. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढण्यास सांगितले. हेतू धार्मिक होता, समाजसेवेचा होता, तरीही. आपल्यालाही विहार हवे आहे, वाचनालय हवे आहे, समाजमंदिर हवे आहे. उद्या एखादा पुढारी येऊन म्हणेल, "मैदानाचा कोपरा तुमच्या संस्थेला देतो." त्या वेळी आपण काय उत्तर देणार? दुसऱ्याने मैदान घेतले तर अन्याय आणि आपण घेतले तर समाजकार्य, असा दुटप्पीपणा धम्मात बसत नाही. विहार जरूर बांधू, पण मुलांचे मैदान खाऊन नव्हे. ही आपली खरी कसोटी आहे.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. शहराचा विकास आराखडा तयार होताना लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. मंजूर आराखड्यातील मैदानाचे आरक्षण बदलायचे झाले तर कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती घ्याव्या लागतात. याच कायद्याचे कलम १२७ असे की आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि पुढील मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षणच रद्द होते. म्हणजे मैदान जाण्यासाठी कोणी अन्याय्य ठराव केलाच पाहिजे असे नाही. नुसत्या स्वस्थ बसण्यानेही ते जाते.

लोक बोलले तर फरक पडतो, हेही खरे आहे. २०१५ साली मुंबईच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि शासनाला तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण जनतेच्या विरोधामुळे स्थगित झाले. उलट २०२२ नंतर मुंबईसह अनेक महापालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. अशा काळात तर वस्तीची बाजू मांडायला सभागृहात नगरसेवकही नसतो. तेव्हा वस्तीनेच जागे राहावे लागते.

म्हणून आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा मिळवा. आपल्या भागात मैदान, बाग, व्यायामशाळा, वाचनालय यांसाठी कोणत्या जागा राखल्या आहेत, त्यांपैकी प्रत्यक्षात किती आहेत, याची एका वहीत नोंद करा. माहिती मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करा. वर्तमानपत्रातील बारीक अक्षरातल्या जाहीर सूचना वाचण्याचे काम संस्थेने दोन-तीन जणांकडे नेमून द्यावे. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला दहा माणसे घेऊन जा. त्यात महिलांना अवश्य न्या, कारण मैदान गेले की मुलींचे खेळणे सर्वांत आधी बंद होते. आणि वस्तीत इतर समाजाचे जे शेजारी आहेत, त्यांनाही बरोबर घ्या. मैदान सर्वांचे म्हणून वाचवायचे, तर लढाही सर्वांचा हवा.

बाबासाहेबांनी आपल्याला चवदार तळ्यावर नेले ते केवळ पाण्यासाठी नव्हे. जे सार्वजनिक आहे त्यावर आमचाही समान हक्क आहे, हे सिद्ध करण्यासाठी नेले. तो हक्क आपल्याला मिळाला. परंतु सार्वजनिक असे काही उरलेच नाही, तर तो हक्क बजावायचा कोठे? तेव्हा आपल्या वाट्याला आलेली ही ठेव सांभाळून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे आपले कर्तव्य आहे. ते आपण सारे मिळून पार पाडू, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!