गल्ल्यावरचा तंटा आणि राज्यसंस्थेचा दंडुका

(तालुक्याच्या गावी झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या माणसाने पोलिसांवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु माझा आजचा विषय दुकानातून सुरू होतो, आणि दुकान हा तर आमच्या शास्त्राचा पहिला धडा. मध्ये एक फळी, एका बाजूस माल, दुसऱ्या बाजूस पैसा. या फळीवर रोज हजारो तंटे होतात. सुटे कमी दिले, नोट खोटी निघाली, वजनात मारले, दुकान वेळेवर बंद केले नाही. बहुतेक तंटे बोलाचालीत मिटतात. क्वचित एखाद्यात पोलीस येतो. तो आल्यावर काय घडते, आणि घडून गेल्यावर तुम्हीआम्ही काय बोलतो, याविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

२०२० साली, एका महिन्याच्या आत, एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन गावी असे दोन तंटे झाले.

पहिला अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात, २५ मे रोजी. जॉर्ज फ्लॉइड नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने एका दुकानात सिगारेटी घेतल्या आणि वीस डॉलरची नोट दिली. गल्ल्यावरच्या पोरसवदा नोकराला ती खोटी वाटली. त्या दुकानाचा नियम असा होता की, खोटी नोट घेतली तर ती रक्कम नोकराच्या पगारातून कापावयाची. पुढे खटल्यात साक्ष देताना त्या मुलाने सांगितले की, ती रक्कम आपल्या खात्यावर घ्यावी असे त्याच्या प्रथम मनात आले होते. मग विचार बदलून त्याने व्यवस्थापकाला कळविले. दुकानातून पोलिसांना दूरध्वनी गेला. त्यानंतर एका पोलीस अधिकाऱ्याने हातकड्या घातलेल्या, जमिनीवर पालथ्या पाडलेल्या त्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून ठेवला. माणूस मेला. एप्रिल २०२१ मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्यास खुनाबद्दल दोषी ठरविले.

दुसरा तंटा आपल्या देशातला. तामिळनाडूच्या तुतिकोरिन जिल्ह्यात सातानकुलम नावाचे गाव आहे. तेथे एका पितापुत्रांचे मोबाईल फोनचे दुकान होते. त्यांची नावे तेव्हा साऱ्या वृत्तपत्रांनी छापली. मी मात्र त्यांना पितापुत्र एवढेच म्हणणार आहे. टाळेबंदीच्या काळात ठरलेल्या वेळेनंतरही दुकान उघडे ठेवले, असा त्यांच्यावर ठपका. १९ जून रोजी पोलिसांनी आधी बापाला नेले. चौकशीस गेलेल्या मुलालाही ठाण्यात ठेवून घेतले. रात्रभर मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने दोघे कोठडीस योग्य असल्याचा दाखला दिला, दंडाधिकाऱ्याने कोठडी दिली आणि त्यांची रवानगी कोविलपट्टीच्या उपकारागृहात झाली. २२ जूनच्या रात्री मुलगा गेला, २३ च्या सकाळी बाप गेला. दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपातून हे सारे घडले, म्हणून तामिळनाडूतील व्यापाऱ्यांनी आपली दुकाने बंद ठेवून निषेध केला.

आता या दोन्ही प्रसंगी जी चर्चा झाली ती आठवून पाहा. तिकडे कित्येकांनी विचारले, नोट खरोखरच खोटी होती काय? त्या माणसाचे पूर्वचरित्र काय? इकडे विचारले गेले, दुकान नक्की किती वाजेपर्यंत उघडे होते? त्यांनी पोलिसांना उद्धट उत्तर दिले काय? पोलिसांच्या फिर्यादीत तर म्हटले होते की, दोघे जमिनीवर लोळले आणि त्यांना आतून मार लागला. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यातील जे चित्रण पुढे प्रसिद्ध झाले, त्यात असे काही लोळणे दिसले नाही. सरकारच्या पहिल्या निवेदनात एकाला श्वास लागल्याचे आणि दुसऱ्याला ताप आल्याचे सांगण्यात आले होते.

माझे म्हणणे असे की, दुकानातील चूक कोणाची, हा प्रश्न पोलिसी बळाच्या चर्चेत मुळातच गैरलागू आहे. समजा, नोट खोटी होती. समजा, दुकान तासभर उशिरापर्यंत उघडे होते. म्हणून काय? लोकसेवकाच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमात, मनुष्यजीवितास धोका पोहोचत असला तरीसुद्धा, जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, एवढीच होती. आणि तीदेखील न्यायालयाने द्यावयाची. ठाणेदाराने नव्हे.

बळ ही शिक्षा नव्हे. कायद्याने पोलिसाला बळ दिले आहे ते अटकेला होणारा विरोध मोडण्यासाठी, पळून जाणाऱ्याला रोखण्यासाठी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट म्हटले होते की, पळून जाऊ नये यासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक अटकाव अटकेतल्या माणसाला करता कामा नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणजे बळाचे माप समोरच्याच्या विरोधावरून ठरते, त्याच्या अपराधावरून नव्हे. ज्याला हातकड्या पडल्या, जो ठाण्याच्या चार भिंतींत आहे, त्याच्या बाबतीत ते माप शून्यावर येते. मग तो साव असो की चोर. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले होते. सातानकुलमच्या दुकानदाराला एक नोटीस पुरली असती.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आणीबाणीचे दिवस होते, मी शाळकरी मुलगा होतो. सुट्टीत मामाच्या किराणा दुकानावर बसत असे. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने सुटे कमी मिळाल्याची तक्रार केली. शब्दाने शब्द वाढला. रस्त्यावरचा पोलीस शिपाई आत आला. त्याने मामाला काही विचारले नाही, मला काही विचारले नाही. पुड्या बांधणाऱ्या गड्याच्या थोबाडीत दिली. गिऱ्हाईक खूश झाले, मामा गप्प राहिला, जमलेली माणसे पांगली. त्या दिवशी सुटे मी मोजून दिले होते. मी ते बोललो नाही. संध्याकाळी हिशेब जुळला की नाही हे मला आज आठवत नाही. गड्याचा चेहरा आठवतो. तिघांपैकी चपराक त्यालाच का बसली, हे कळायला मला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नव्हती.

परंतु अर्थशास्त्राने एक गोष्ट शिकविली. जी वस्तू वापरणाऱ्याला फुकट पडते, तिची उधळपट्टी होते. बळाचेही तसेच आहे. ज्याच्यापाशी वकील नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी नाही, त्याच्यावर हात टाकणे स्वस्त पडते. मोठ्या पेढीवर हिशेबाची लबाडी झाली तर तेथे नोटिसा जातात, मुदती मिळतात, अपिले चालतात. वीस डॉलरची नोट आणि तासभर उघडे राहिलेले दुकान यांना मात्र गुडघा आणि लाठी. सातानकुलमचे पितापुत्र तर बऱ्यापैकी दुकान असलेली माणसे होती. त्यांची ही गत, तर हातगाडीवाल्याची, टोपलीवालीची काय असेल?

दुकान बंद करण्याची वेळ हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानांच्या वेळा बांधून दिल्या त्या नोकराला विश्रांती मिळावी म्हणून. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी निरीक्षक नेमला होता. त्याच्या हाती नोंदवही होती, लाठी नव्हती. चूक झाली तर खटला भरावा, दंड व्हावा, ही त्यामागची सुसंस्कृत कल्पना. टाळेबंदीत तीच वेळ पाळून घेण्याचे काम आपण सरळ दंडुक्याच्या हाती दिले.

या दंडुक्याचा इतिहासही याच भूमीतला आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या प्रकारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सारा वसूल करण्यासाठी रयतेचा शारीरिक छळ होतो, हे कंपनी सरकारच्याच आयोगाने नमूद केले. या अहवालाच्या आधारे कार्ल मार्क्सने १८५७ साली 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मध्ये लेख लिहिला होता. वसुलीचे आणि पोलिसाचे अधिकार एकाच हाती असणे हे या रोगाचे एक मूळ, असे निदान झाले, आणि १८५९ च्या कायद्याने मद्रासेत वेगळे पोलीस दल उभे राहिले. आता काळाचा न्याय पाहा. २०२० च्या जूनअखेर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाला त्याच प्रदेशातील सातानकुलमचे पोलीस ठाणे महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याचा आदेश काढावा लागला. कारण पोलिसांच्या हाती पुरावा सुरक्षित राहील, अशी न्यायालयाला खात्री उरली नव्हती. चौकशीस गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना दिसले की, ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. खुद्द न्यायदंडाधिकाऱ्यांना तेथे अपमान सोसावा लागला.

याच ठाण्यातील एका महिला हेड कॉन्स्टेबलने रात्रभर चाललेल्या मारहाणीची साक्ष दिली. खाकीतल्याच एका बाईने, सहकाऱ्यांच्या दडपणाखाली, स्वतःच्या नोकरीची आणि घराची पर्वा न करता सत्य सांगितले. त्यानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला आणि नऊ पोलिसांवर आरोपपत्र ठेवले. म्हणून सगळेच पोलीस असले, असे मी म्हणणार नाही. महामारीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही अनेक पोलीस कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. बारा-बारा तास उभा राहणारा शिपाई हाही श्रमिकच आहे. परंतु थकवा हे जादा मनुष्यबळाच्या आणि रजेच्या मागणीचे कारण होऊ शकते. कोठडीतल्या लाठीचे नव्हे.

दुसरा आक्षेप घेतला जातो तो असा की, थोडा धाक नसेल तर नियम कोण पाळील? धाक हवाच. पण तो खात्रीने होणाऱ्या दंडाचा हवा. ज्या दंडाची पावती मिळते, ज्यावर अपील करता येते, असा धाक माणसाला नागरिक ठेवतो. लाठीच्या धाकाने नियम पाळला जातो तो शिपाई दिसेपर्यंत. शिवाय लाठी चुकवण्याची किंमत ठरू लागते, आणि बाजारपेठेत त्या किमतीला हप्ता असे म्हणतात.

मग करावे काय? कागदावर पुष्कळ आहे. अटकेची नोंद, नातलगांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, हे नियम डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच घालून दिले गेले. प्रकाश सिंग खटल्याच्या २००६ च्या निकालाने तक्रार प्राधिकरणे सांगितली. महाराष्ट्राने २०१४ साली त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्यास सांगितले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. परंतु त्यानुसार करावयाच्या कायद्याचे विधेयक २०१० साली लोकसभेत संमत होऊनही पुढे बारगळले आणि विधी आयोगाने २०१७ साली दिलेला मसुदाही धूळ खात पडला.

यात मी अर्थशास्त्राच्या अंगाने एकच भर घालीन. भरपाई कोण देतो ते पाहा. मिनियापोलिसच्या नगरपालिकेने फ्लॉइडच्या कुटुंबाला दोन कोटी सत्तर लाख डॉलर दिले. तामिळनाडू सरकारने पितापुत्रांच्या घराला प्रत्येकी दहा लाख रुपये जाहीर केले. भरपाई दिलीच पाहिजे. पण हा पैसा करदात्यांचा. म्हणजे लाठी चालवली एकाने आणि तिची किंमत मोजली त्या दुकानदाराच्या शेजाऱ्यांनी. दोष सिद्ध झाल्यावर त्यातील हिस्सा दोषी माणसाच्या आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल झाला पाहिजे. खोट्या नोटेबद्दल गल्ल्यावरच्या पोराचा पगार कापणे ज्यांना रास्त वाटते, त्यांना हेही रास्त वाटावे.

शेवटी आपल्याविषयी. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर माणसांना उठाबशा काढावयास लावल्याच्या, दुचाकीवाल्यांच्या पायांवर लाठी मारल्याच्या चित्रफिती घरोघर फिरत होत्या. सुशिक्षित माणसे त्या एकमेकांना पाठवून हसत होती. माझ्याही फोनवर त्या आल्या. मी त्यांतली एकही कोणाला पाठविली नाही, पण एकाही मित्राला, हे चूक आहे, असे कळविलेही नाही. पुढे जूनमध्ये आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. सातानकुलमच्या ठाण्यातल्या लाठीला बळ मिळाले ते मार्चमधल्या आपल्या हसण्यातून आणि माझ्यासारख्यांच्या गप्प बसण्यातून.

तेव्हा उद्या तुमच्या बाजारपेठेत असा तंटा झाला आणि पोलीस आला, तर दोष कोणाचा याचा निवाडा करू नका. तेथे उभे राहा, वेळ पाहून ठेवा, शिपायाच्या छातीवरचे नाव वाचा, आणि ज्याला नेत आहेत त्याच्या घरी निरोप द्या. सुटे तुम्ही मोजले असतील, तर तसे सांगा.