काचेवरची बाराखडी

(रेडिओवरील भाषण)



स्वस्त फोन म्हटलं की आपण आधी त्याची पाठ बघतो. प्लॅस्टिक आहे का, दाबलं तर कुरकुरतं का. माझं म्हणणं असं, की पाठ सोडा, तोंड बघा. टचस्क्रीन फोनच्या तोंडावर काहीच छापलेलं नाही, आणि मराठी माणसाच्या दृष्टीनं सगळी गंमत तिथंच आहे.

2014 च्या सप्टेंबरच्या 15 तारखेला दिल्लीत गूगलचे सुंदर पिचाई यांनी ‘अँड्रॉइड वन’ हे फोन जाहीर केले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे तीन फोन, किंमत 6,399 रुपयांपासून पुढे. सुरुवातीला ते फक्त इंटरनेटवरच्या दुकानांतून मिळत होते, म्हणजे हातात घेऊन, उलटापालटा करून बघायची सोय नाही. त्यातला एक आमच्या घरी आला, माझ्या आत्यासाठी. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. एक तर रेडिओवर जाहिरात नको, आणि दुसरं म्हणजे आतला ऐवज तिन्हींत जवळजवळ सारखाच आहे. साडेचार इंची पडदा, मीडियाटेकची चिप, 1 जीबी रॅम, 4 जीबी साठवण, दोन सिमकार्डं, पुढेमागे दोन कॅमेरे, आणि झाकण नखानं उचकटून बदलता येते अशी बॅटरी.

पहिलं मत चांगलं झालं. कंपनीनं वरून फारसं काही लादलेलं नसल्यामुळे फोन चटपटीत चालतो. बोट फिरवलं की पानं सरकतात, अडखळत नाहीत. कडक उन्हात मात्र पडदा नीट दिसत नाही, ओटीवरून घरात यावं लागतं.

आत्याची आणि फोनची पहिली भेट काही गोड झाली नाही. तिचा जुना फोन बटणांचा. ती अंगठा रोवून बटण दाबणार, टक्कन आवाज आला की समाधान. इथं ती दाबत होती आणि काच ढिम्म. मी म्हटलं, “अगं आत्या, दाबू नकोस, नुसतं बोट टेकव.” तर म्हणाली, “टेकवलं तर त्याला कळणार कसं?” प्रश्न बिनतोड होता.

कळतं ते असं. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या, वीज वाहून नेणाऱ्या रेषांची जाळी असते. आपलं शरीरही वीज वाहून नेतं. बोट जवळ आलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन तेवढ्यावरून जागा ओळखतो. जोराचा यात काही संबंध नाही. त्याआधीच्या बऱ्याच स्वस्त टचस्क्रीनमध्ये दोन थर असायचे, ते दाबानं एकमेकांना टेकले की काम व्हायचं, म्हणून तिथं नखही चालायचं. इथं नख चालत नाही. आणि शेतात, शिवणकामात, भांडी घासून ज्यांची बोटं कोरडी आणि जाड झाली आहेत, त्यांना हा पडदा पहिल्या खेपेला दाद देईलच असं नाही. उलट ओल्या हातांनी तो भलतंच काही उघडून बसतो. फोन बनवणाऱ्यांनी बोट कुणाचं डोळ्यांपुढे ठेवलं होतं, असा विचार मनात येतो. स्वयंपाकघरातलं नक्कीच नसावं.

पण आत्यानं हार मानली नाही, आणि तिचं मन वळलं ते कॅमेऱ्यामुळे किंवा गाण्यांमुळे नव्हे.

बटणांच्या फोनवर दोनच्या बटणावर ए, बी, सी छापलेलं असायचं. काही फोनांवर देवनागरीही असायची, पण एका बटणात चारपाच अक्षरं कोंबलेली. आईला निरोप धाडायचा तर बटण किती वेळा दाबायचं हे मोजत बसा. त्यामुळे लोकांनी सरळ रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली. घराघरांत ते चाललं. आत्यासारख्या सातवी शिकलेल्या, वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या बाईला स्वतःच्याच भाच्याचा निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

काचेवर मात्र अक्षरं छापलेली नसतात, तेवढ्यापुरती रेखाटलेली असतात. म्हणजे हवी तेव्हा बदलता येतात. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला ‘स्वरचक्र’ नावाचा फुकट मिळणारा कळफलक मी तिच्या फोनवर घातला. त्यात व्यंजनं आपल्या शाळेतल्याच क्रमानं मांडली आहेत. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, आणि आपला ळसुद्धा आहे. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं. का, कि, की, कु, कू… बोट न उचलता हव्या त्या अक्षराकडे सरकवायचं आणि सोडायचं. जोडाक्षर हवं असेल तर त्याच चक्रातला पाय मोडलेला ‘क्’ निवडायचा, मग पुढची जोडाक्षरं कळांवर आधीच तयार दिसतात.

आत्यानं हे बघितलं आणि म्हणाली, “ही तर बाराखडी आहे, मला येते.” पहिला निरोप तिनं भिशीतल्या मैत्रिणीला धाडला. ‘उद्या पैसे आण’ एवढाच. ‘द्या’ला थोडा वेळ लागला, पण तो तिचा तिनं जमवला. किमतीत न मोजलेली ही गोष्ट मला तरी सगळ्यांत मोठी वाटते.

आता उणी बाजू. स्वस्ताई दुकानात दिसत नाही, ती थोड्या दिवसांनी दिसते, आणि ती साठवणुकीत दिसते. 4 जीबी म्हणतात, पण त्यातला बराच भाग फोनच्या स्वतःच्या कारभाराला लागतो. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲपवरचे सुप्रभाताचे गणपती आणि नातवंडांचे व्हिडिओ भराभर बसतात, आणि एके दिवशी फोन ‘जागा नाही’ म्हणतो. म्हणून सोबत एक मेमरी कार्ड हवंच. 32 जीबीपर्यंतचं चालतं. फोटो, गाणी तिकडे टाका. ॲप्स मात्र मुख्यतः आतल्याच जागेत राहतात, तेव्हा त्यांचा हव्यास नको. बॅटरी 1700 एमएएचची आहे. बोलण्यापुरता वापर असेल तर दिवस निघतो, इंटरनेट सतत सुरू ठेवलं तर संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो.

रेडिओ आहे. इअरफोनची वायर खोचली की तीच एरियल होते. पण तो फक्त एफएमचा. मध्यम लहरींवरचं केंद्र त्यावर लागत नाही, तेव्हा घरचा ट्रान्झिस्टर इतक्यात माळ्यावर टाकू नका, असं मी जरा स्वार्थानंच सांगतो.

राहिला मेनू. तो तेव्हा इंग्रजीत किंवा हिंदीत होता. अँड्रॉइडची लॉलिपॉप ही आवृत्ती 2014 च्या नोव्हेंबरात आली, तिच्यात मराठी होती, आणि या फोनांना नव्या आवृत्त्या देत राहू असं गूगलनं सांगितलं होतं. तोवर सेटिंग्जमध्ये काही बदलायचं असेल तर आत्या शेजारच्या पोराला हाक मारायची. पोरगं यायचं, दोन मिनिटांत काम करायचं, आणि मग गेम खेळत तासभर तिथंच बसायचं.