पहिला फोन कोण करणार? मंडळाची सायबर तालीम



गणपतीला अजून अवकाश आहे, तरी ढोल-ताशा पथकाचा सराव शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये सुरू झालाय. नाटकवाले कुणाच्या तरी गराजमध्ये दोन पंखे लावून तालमी करताहेत. टेक्ससच्या उन्हाळ्यात हे करायला हौस लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. तालीम म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या मंडळाच्या खात्यातून उद्या दुपारी पैसे गेले, तर पहिला फोन कोण करणार? कुणाला? कुठल्या नंबरवर? आणि याची तालीम कधी केली आहे का?

मी आयटी सल्लागार आहे. कंपन्यांना आणि लहान संस्थांना अशा प्रसंगासाठी तयार करणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. आज मी पासवर्ड किती अक्षरी असावा हे सांगणार नाही. ते तुम्ही ऑफिसात दरवर्षी ऐकता, व्हिडिओ एका खिडकीत चालू ठेवून आणि दुसऱ्या खिडकीत ईमेल उरकत. त्या व्हिडिओंवर माझा फारसा विश्वास नाही. शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं बरोबर आली म्हणजे माणूस तयार झाला असं होत नाही.

तयारी कशी दिसते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १६ ऑगस्ट २०१९, शुक्रवारची सकाळ. टेक्ससमधल्या २३ स्थानिक सरकारी कार्यालयांचे संगणक एकाच वेळी कुलूपबंद झाले. बहुतेक गावं लहान. बोर्गरमध्ये जन्म-मृत्यूचे दाखले मिळेनात, पाण्याची बिलं भरता येईनात. कीन गावात तीच गत. यातल्या अनेक गावांचं संगणकाचं काम बाहेरची एक कंपनी सांभाळत होती, आणि चोर तिच्याच दारातून आत शिरले होते. कीनच्या महापौरांनी सांगितलेली एकूण खंडणीची मागणी होती २५ लाख डॉलर.

राज्याने काय केलं? चक्रीवादळाच्या वेळी उघडतो तो आपत्कालीन कक्ष त्याच दिवशी उघडला. राज्याचा माहिती विभाग, लष्करी विभाग, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे तज्ज्ञ आणि केंद्राची माणसं एकत्र बसली. साधारण आठवड्याभरात सगळी ठिकाणं पुढच्या दुरुस्तीच्या टप्प्यावर आली होती. कुणी खंडणी भरल्याचं राज्याच्या ऐकिवात नाही. कुठल्याही एका गावाला हे एकट्याने जमलं नसतं.

त्याच्या बरंच आधी, २००२ मध्ये, सॅन अँटोनियोत ‘डार्क स्क्रीन’ नावाचा सराव झाला होता. टेक्सस विद्यापीठाच्या तिथल्या सायबर सुरक्षा केंद्राने शहर, काउंटी, लष्कर आणि वीज-पाणी पुरवणाऱ्यांना एकत्र बसवून विचारलं, समजा हल्ला झाला, तर कोण कुणाला सांगणार? अशा सरावांच्या अनुभवातूनच त्या केंद्राने पुढे गावांसाठी आणि समाजांसाठी तयारीची एक चौकट बांधली. त्यात जागरूकता आहे, धोरण आणि नियोजन आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे ती एकमेकांना माहिती सांगण्याची सवय. एमबीएला आम्हाला जोखमीचे लाल-पिवळे-हिरवे चौकोन रंगवायला शिकवलं होतं. मंडळाच्या बैठकीत तो कागद कुणी दोनदा बघत नाही. पण ‘कोण कुणाला सांगणार’ हा प्रश्न विचारला की सगळे मान वर करतात.

अशा सरावाला टेबलटॉप एक्सरसाइज म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण करायचं एवढंच की टेबलाभोवती बसायचं, एकाने प्रसंगाच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि बाकीच्यांनी आपण काय करू ते सांगायचं. संगणक लागत नाही. चहा लागतो.

मध्यंतरी एका मंडळाच्या कार्यकारिणीबरोबर मी अशी दीड तासाची बैठक घेतली. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. पहिली चिठ्ठी अशी होती: “उत्सवाला दहा दिवस आहेत. मंगळवारी केटररचा ईमेल आला की आमचं बँक खातं बदललंय, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा. खजिनदारांनी ८,५०० डॉलर वायरने पाठवले. आज शुक्रवार, दुपारचे चार. केटररचा फोन आलाय की पैसे कधी पाठवताय?”

पहिली दहा मिनिटं काय झालं असेल, ओळखलंत ना? चूक कोणाची यावर चर्चा. ईमेल आधी नीट वाचायला नको होता का, केटरर कुणी सुचवला होता, मागच्या वर्षीचाच काय वाईट होता. मी चिठ्ठी परत वाचली आणि फक्त ‘शुक्रवार, दुपारचे चार’ या शब्दांवर जोर दिला. मग एकाच्या लक्षात आलं की बँक बंद व्हायची वेळ होतेय. एकाने गूगलवर बँकेचा नंबर शोधायला घेतला. त्याला थांबवलं. शोधल्यावर वर येणारा नंबर बँकेचाच असेल याची खात्री नसते. खोटे ग्राहकसेवा नंबर लावून बसणाऱ्यांची कमतरता नाही. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा स्टेटमेंटवरचा. स्टेटमेंट कुठे आहे? खजिनदारांच्या ईमेलमध्ये.

दुसरी चिठ्ठी: “खजिनदार मुंबईच्या विमानात आहेत. उद्यापर्यंत फोन लागणार नाही.” आता खात्यावर दुसरी सही कोणाची? दोन कार्यकारिण्यांपूर्वीच्या अध्यक्षांची, आणि ते सिॲटलला राहायला गेलेले. तिसरी चिठ्ठी मंडळाच्या जीमेलबद्दल होती. पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे ते मोजलं, तर अकरा. हरवलेला पासवर्ड परत मिळवायचा नंबर एका माजी चिटणीसांचा. वेबसाइटचं नाव एका संस्थापक सदस्यांच्या खासगी क्रेडिट कार्डावर नोंदवलेलं, आणि ते कार्ड अजून चालू आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही.

इथपर्यंत हसतखेळत चाललं होतं. चौथ्या चिठ्ठीला खोली शांत झाली. “मराठी शाळेच्या मुलांची यादी बाहेर गेली आहे.” त्या यादीत काय काय आहे असं विचारलं. शाळेच्या ताईंनी मोजून दाखवलं: मुलांची नावं, वयं, घरचे पत्ते, आईवडिलांचे फोन, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाला शाळेतून घ्यायला कोण येतं. सगळं एका गूगल शीटमध्ये, आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला ती उघडता येते. चार वर्षांपासूनच्या प्रत्येक पालकाकडे ती लिंक आहे. पैसे गेले तर वर्गणी काढता येते. ही यादी परत आणता येत नाही. ताईंनी बैठक संपायच्या आधीच फोनवरून ती लिंक बंद केली.

दीड तासाने त्यांच्या हाती एक पानी कागद आला. बँकेच्या फसवणूक विभागाचा नंबर, खात्यावरच्या दोन चालू सह्या, जीमेलचे दोनच मालक, व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना कोण टाकणार, पोलिसांत आणि एफबीआयच्या आयसी-थ्री या संकेतस्थळावर तक्रार कोण नोंदवणार. पैसे वायरने गेले असतील तर बँकेला ‘वायर परत बोलवा’ असं स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि लगेच आयसी-थ्रीवर नोंद करायची. तिथल्या पथकाचं कामच बँकांशी बोलून पैसे गोठवण्याचं आहे. पण पहिल्या तीन दिवसांनंतर आशा झपाट्याने कमी होते. झेलने पाठवलेले पैसे परत मिळणं तर फारच अवघड. नियमही एकच ठरला: खातं बदलल्याचा निरोप आला, की निरोपातल्या नाही तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, केटरर कितीही ओळखीचा असो.

केटररच्या खोट्या ईमेलसारखी फसवणूक म्हणजे काही नवल नाही. आयसी-थ्रीच्या २०२४ सालच्या अहवालात एकूण नुकसान १६ अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि त्यातले पावणेतीन अब्जांहून अधिक या एकाच प्रकारातले. साठीपुढच्या लोकांचं नुकसान ४.८ अब्जांहून जास्त. आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचं.

कारण पुष्कळ लोक तक्रार करतच नाहीत. सांगतच नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ हे आपल्याबरोबर विमानात बसून इथपर्यंत आलेलं आहे. मंडळाचा खजिनदार हा बहुधा कुणी तरी प्रामाणिक, नोकरी सांभाळून रात्री हिशेब लिहिणारा माणूस असतो. त्याच्या हातून पैसे गेले तर तो आधी स्वतःच्या खिशातून भरता येतील का बघतो, मग दोन रात्री जागतो, मग बायकोला सांगतो. तोवर सोमवार उजाडलेला असतो आणि पैसे तिसऱ्या देशात पोचलेले असतात. तालमीचा खरा उपयोग इथे होतो. खोट्या प्रसंगात एकदा सगळ्यांसमोर “माझ्याकडून पैसे गेलेत, मला मदत करा” असं म्हणून झालं असेल, तर खऱ्या प्रसंगी तोंड उघडतं. म्हणून काही कंपन्या स्वतःच खोटे ईमेल पाठवून फसलेल्यांची नावं जाहीर करतात, ते मला मुळीच पटत नाही. त्यातून लोक एकच गोष्ट शिकतात, लपवायचं कसं.

आता घराकडे येतो. ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. पुण्या-नाशकात आईवडिलांना व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेशातला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, मुलांना सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल. भारताच्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलून थांबा, विचार करा, मग पाऊल उचला असं सांगितलं. पण भीतीने गारठलेल्या माणसाला विचार सुचत नाही. त्याला पाठ केलेली गोष्ट तेवढी आठवते.

आणि वेळेचं गणित पाहा. तिकडे सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचा साडेबारा. तुमचा फोन सायलेंटवर. म्हणजे तुम्ही पहिला फोन असूच शकत नाही. पहिला फोन कुणी तरी जवळचा हवा: मावसभाऊ, शेजारचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना आधी विचारून ठेवा आणि आईबाबांच्या फोनमध्ये त्यांचं नाव सगळ्यात वर ठेवा. तिथे पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर ताबडतोब फिरवायचा. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेलिफोनजवळ चिकटवा. तुमचा स्वतःचा फोनही असा लावून ठेवा की घरच्यांचा कॉल रात्री वाजेल.

वडिलांशी हे बोलायचं कसं, असं एका मैत्रिणीने विचारलं. सरळ सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, “मी बँकेत पस्तीस वर्षं काढलीत, मला शिकवू नकोस.” तिला सुचवलं की सल्ला देऊ नकोस, माग. “बाबा, शेजारच्या काकांना असा फोन आला, तर तुम्ही त्यांना काय करायला सांगाल?” बाबांनी अर्धा तास सविस्तर सांगितलं. फोन ठेवा म्हणाले, गणवेश कुणालाही भाड्याने मिळतो म्हणाले. झाली तालीम, आणि त्यांच्याच शब्दांत. त्याच बैठकीत घराचा एक परवलीचा शब्दही ठरवून टाका. आता आवाजाची नक्कल सहज होते. नातवाच्या आवाजात “आजी, अपघात झालाय, पैसे पाठव” असा फोन आला, तर आजीने तो शब्द विचारायचा. शब्द जन्मतारीख किंवा गावाचं नाव नको, ते फेसबुकवर असतं. घरात पूर्वी कधी तरी जळलेल्या एखाद्या पदार्थाचं नाव चालेल.

हे सगळं करायला सल्लागार लागत नाही. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरं आहे. केंद्राची सायबर सुरक्षा संस्था, सिसा, सरावाचे तयार प्रसंग मोफत देते. आपल्या कॉलेज स्टेशनचं टीक्स आणि सॅन अँटोनियोचं ते केंद्र इतर काही विद्यापीठांबरोबर मिळून सरकारी निधीतून मोफत प्रशिक्षण देतात. त्यातलं काही ऑनलाइन प्रशिक्षण तांत्रिक नसलेल्या माणसालाही झेपतं. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगा. ती आपल्यापेक्षा जास्त खट्याळ प्रसंग रचतात.

मंडळाने हे कधी करावं? नवी कार्यकारिणी निवडून आल्यावर, पहिल्याच महिन्यात. तेव्हा बँकेतल्या सह्या तशाही बदलायच्या असतात. जुन्या खजिनदारांना आग्रहाने बोलवा, चाव्या त्यांच्याकडेच असतात. आणि तो एक पानी कागद छापून प्रत्येकाने घरी फ्रिजवर लावा, मंडळाच्या जीमेलमध्ये ठेवू नका. ज्या दिवशी तो लागेल, त्या दिवशी जीमेल उघडेलच असं नाही.