कळतं, पण वळत नाही

‘कळतं, पण वळत नाही’ असं आपण मुलांना येता-जाता ऐकवतो आणि ऐकवताना आपल्या आवाजात बहुधा राग असतो. पण काही मुलांच्या बाबतीत हे वाक्य अक्षरशः खरं असतं. त्यांच्या अडचणीला वैद्यकात ‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, थोडक्यात एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी टिकत नाही, अंग स्वस्थ बसू देत नाही आणि मनात आलेली गोष्ट विचार करण्याआधीच हातून घडून जाते. ही लक्षणं वयाच्या मानाने बरीच जास्त असावी लागतात. ती बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसत असतील, सहा महिने तरी टिकली असतील आणि घरी, शाळेत अशा किमान दोन ठिकाणी आड येत असतील, तरच डॉक्टर हे निदान करतात. नुसतं मस्तीखोर मूल म्हणजे एडीएचडी नव्हे.

जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा शंभरात साधारण पाच मुलांमध्ये ही अडचण दिसली. वडगाव, कामशेत, तळेगाव किंवा लोणावळ्यातल्या चाळीस मुलांच्या वर्गाला हाच हिशेब लावला, तर दोन मुलं होतात. त्यांतला वर्गभर हिंडणारा मुलगा सगळ्यांना माहीत असतो. खिडकीबाहेरच्या ढगांकडे पाहत बसलेली मुलगी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा वर्षानुवर्षं पडत राहतो.

याचा दोष कुणाचा, असं घरोघरी विचारलं जातं. आईने लाडावलं, बापाने धाक ठेवला नाही, गोड फार खातो, अशी उत्तरंही तयार असतात. चिक्कीच्या गावात हा गोडाचा आरोप तर हमखास होणार. पण १९९४ मध्ये अमेरिकेत याची नीट तपासणी झाली. ‘साखरेने बिघडतात’ असं ज्यांच्या पालकांना वाटत होतं, त्या मुलांना काही आठवडे साखरेचा आणि काही आठवडे बिनसाखरेचा गोड आहार दिला गेला. कोणता आहार कधी चालू आहे, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. दातांसाठी गोड जरूर कमी करा, पण या दुखण्याचं खापर चिक्कीवर फोडू नका.

खरं कारण मेंदूच्या वाढीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेतली गेली. इतर मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ जो टप्पा साडेसात वर्षांच्या आसपास गाठते, तो एडीएचडी असलेल्या मुलांनी साडेदहाच्या सुमारास गाठला. मेंदूच्या पुढच्या भागात ही दिरंगाई जास्त होती, आणि स्वतःला आवरणं, कामाचा क्रम लावणं ही त्याच भागाची कामं. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांचं शहाणपण मागताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

मग मदत कुठे करायची? ‘कळण्या’साठी उपदेशाची गरज नाही, तो त्याने शंभरदा ऐकलेला असतो. मदत लागते ती ‘वळण्या’च्या क्षणी, काम करायचं त्या जागी आणि त्या वेळी. ‘दप्तर भर, डबा घे, बूट घाल’ अशा तीन सूचना एकदम देऊ नका. एक काम सांगा, ते झालं की लगेच दोन शब्द कौतुकाचे बोला आणि मग दुसरं सांगा. कामांची यादी दाराजवळ भिंतीवर चित्रांसकट लावा. शाळेत अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावं आणि हलायला रीतसर कारण द्यावं. फळा पुसणं, वह्या पोचवणं, काहीही चालेल. मावळात पावसाचे चार महिने मैदान बंद असतं, तेव्हा तर याची फारच गरज असते. मारून काही साधत नाही, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शिक्षा म्हणून मारायला बंदीच आहे.

मूल मोठं झालं की उड्या कमी होतात आणि आपल्याला वाटतं, सुटलो. पण लक्षाची अडचण पुष्कळदा तशीच राहते आणि नेमका तेव्हाच आधार निघून जातो. लोणावळ्याहून लोकलने पुण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वर्गशिक्षक नसतात आणि गृहपाठाची वहीही कुणी पाहत नाही. प्रोजेक्टची तारीख उलटते, पास हरवतो, गाडी चुकते. तोवर ‘आळशी’ हे विशेषण ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलेलं असतं. मला वाटतं, या दुखण्यातलं सगळ्यांत मोठं नुकसान हेच आहे. या वयात हुकूम चालत नाही, सोबत चालते. चावी, पास, हेल्मेट यांची एकच ठरलेली खुंटी, मोबाइलवर गजर, मोठ्या कामाचे छोटे तुकडे आणि शेजारी बसून अभ्यास करणारा मित्र, एवढ्यानेही बरंच साधतं. अशा तरुणांचे वाहन-अपघात जास्त होतात, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून जुन्या महामार्गावर मोटारसायकल देण्याआधी याचा विचार व्हावा.

दाखवायचं कुठे? फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. ही पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यावीत, अशी योजना आहे. पथक येईल तेव्हा शिक्षकांनी या मुलांची नावं आपणहून सांगावीत. पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, म्हणून त्याआधीच मोठ्यांच्या मनोविकारतज्ज्ञांशी गाठ घालून ठेवावी.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण आणि गरज पडली तर नंतर औषध, हा क्रम मानला जातो. मोठ्या मुलांना मिथिलफेनिडेटसारखी औषधं पुष्कळदा चांगली लागू पडतात. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवावं लागतं. हे औषध कडक नियमांखाली विकलं जातं आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच सोय पाहावी. योगाचं म्हणाल, तर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यातच कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. आसनं, खेळ, पोहणं हे सगळं जरूर करावं, मात्र उपचारांच्या जोडीने.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. या मुलांपैकी अनेकांना दोन्ही अडचणी असतात. म्हणून वाचन-लेखनाची चाचणीही करून घ्या, परीक्षेत जादा वेळेसारखी सवलत त्यावरून मिळू शकते.

सकाळी शाळेच्या गडबडीत ‘किती वेळा सांगायचं?’ हा प्रश्न तोंडावर येईल. तो गिळा, मुलाजवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि एकच काम सांगा.