गाठोडे बांधण्यापूर्वी



शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा प्रवेशाचा, हल्ली गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला अशी आठ-दहा कागदपत्रे संगणकावरून पाठवावी लागतात. ती तुम्ही एका गाठोड्यात बांधून पाठविता. पण पलीकडच्या कारकुनाला ते सोडताच आले नाही, तर? मुदत काही कोणासाठी थांबत नाही.

येथे कामे दोन आहेत. अनेक फाइली एकत्र बांधणे हे एक, त्यांचा आकार घटविणे हे दुसरे. युनिक्सवाल्यांनी ही कामे वेगळी ठेवली. १९७९ पासूनचा ‘टार’ नुसता बांधतो. दाबण्याचे काम १९९२ साली आलेला ‘जीझिप’ करतो. १९८९ साली फिल कॅट्झ यांनी आणलेला ‘झिप’ दोन्ही कामे करतो, आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबतो. हा फरक क्षुल्लक नव्हे. झिपमधला एखादा भाग वाटेत बिघडला तरी इतर फाइली बहुधा वाचतात. टार-जीझिपमध्ये सारे एका सलग प्रवाहात दाबलेले असते. मध्येच बिघाड झाला की त्यापुढचे हाती लागणे कठीण. मात्र लिनक्सवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना टारच सोयीचा, कारण फाइल कोणाची व ती कोणी चालवावी याची नोंद तो जपतो.

विद्यार्थी नेहमी विचारतात, “सर, झिप केले तरी फोटो तेवढाच कसा?” याचे उत्तर १९७७ सालच्या लेम्पेल आणि झिव्ह यांच्या युक्तीत आहे. मजकुरात तेच शब्द पुन्हा आले, की ते न लिहिता ‘इतके मागे जाऊन पाहा’ एवढी खूण ठेवायची. जेपेग फोटो आधीच दाबलेला असतो. त्यात अशी पुनरुक्ती उरतच नाही. तेव्हा दाखल्याचे चित्र मोठे झाले असेल, तर ते मुळातच लहान करून घ्यावे. झिपवर रागावून उपयोग नाही!

आता ‘रार’ व ‘सेव्हन-झेड’. रशियाच्या यूजीन रोशल यांचा रार १९९३ चा, इगोर पाव्हलोव्ह यांचा सेव्हन-झिप १९९९ चा. मजकुराच्या फाइली हे दोघेही झिपपेक्षा बहुधा अधिक आवळतात. सेव्हन-झिप फुकट आहे. पण विंडोज १० ही गाठोडी स्वतःहून उघडत नाही. विंडोज ११ ला ती सोय २०२३ साली मिळाली. कचेरीतला संगणक कोणता, हे आपल्याला कोठे ठाऊक असते? झिप मात्र विंडोजमध्ये २००१ च्या एक्सपीपासून, मॅकमध्ये २००३ पासून आणि आयफोनमध्ये २०१९ पासून वेगळा प्रोग्रॅम न घालता उघडते. चार किलोबाइट वाचविण्यासाठी अर्ज अडकविणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मॅकवर बांधलेले झिप विंडोजवर सोडले, की आत ‘मॅकओएसएक्स’ नावाचा एक जादा फोल्डर दिसतो. तो विषाणू नव्हे, घाबरू नये. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांत द्यावीत. जुन्या प्रोग्रॅमांत देवनागरी नावांची चौकटी-चिन्हे होतात.

पालकांसाठी एक गोष्ट राहिली. आधारकार्डासारखे कागद असतील तर गाठोड्याला पासवर्ड घालावा. विंडोजच्या अंगच्या सोयीने तो घालता येत नाही, सेव्हन-झिपने येतो. तेथे जुनी ‘झिपक्रिप्टो’ पद्धत न निवडता ‘एईएस-२५६’ निवडावी. मात्र असे झिप विंडोज १० स्वतः सोडत नाही, म्हणून घेणाऱ्याला आधी विचारावे. पासवर्ड घातला तरी झिपमधील फाइलींची नावे बाहेरून वाचता येतात. म्हणून नावातच आधार क्रमांक लिहू नका, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.