इच्छास्वातंत्र्य व विवाहाची संमति



परमेश्वरानें मनुष्यास बुद्धि दिली व तिच्यासंगें इच्छास्वातंत्र्यहि दिलें. ईश्वरी कृपेशीं ह्या स्वातंत्र्याचा मेळ कसा बसतो, ह्यावर जेज्वीट व डॉमिनिकन पंडितांचा वाद रोम शहरीं १५९८ पासून १६०७ पर्यंत चालला. अखेर पोप पांचवे पौल ह्यांनीं निर्णय न देतां, एकमेकांच्या मतास दूषण देण्याची उभयतांस मनाई केली. तें बरेंच झालें. नाहीं तर आम्ही आजहि भांडत बसलों असतों!

परंतु ह्या तत्त्वाचा उपयोग पाहणें असेल, तर तो वेदीपुढें पाहावा. विवाहसमयीं वधूवरांस विचारितात कीं, तुम्ही आपखुषीनें आलां आहां काय? हा प्रश्न केवळ रीतीचा नव्हे. संमति हाच विवाहाचा प्राण होय. ती नसेल, तर तिची उणीव कोणतीहि मानवी सत्ता भरून काढूं शकत नाहीं. आईबाप नव्हेत, बिशपहि नव्हेत. बळजबरीनें किंवा भारी धाकानें लाविलेला विवाह, घंटा वाजल्या, पंगती उठल्या, तरी ख्रिस्तसभेच्या कायद्यानें विवाहच ठरत नाहीं.

आईबापहो, सल्ला अवश्य द्या. तें तुमचें कर्तव्यच आहे. मात्र "आमचा शब्द गेला आहे," असें म्हणून रडत्या मुलीस वेदीपुढें उभें करूं नका. आणि मुलींनो, लग्नापूर्वीच्या चौकशीस तुम्हांस एकटीस बोलावितात, तें ह्याचसाठीं. तेथें मान खालीं घालून "बाबा म्हणतील तसें," असें सांगूं नका. मला तुमचें उत्तर लिहून घ्यावयाचें असतें, बाबांचें नव्हे.