मोटारींतील जुना रेडिओ आणि नवा पाहुणा

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारी बाजूंचे रस्ते एकत्र येतात. न्हावाशेव्याच्या बंदरांतून भिवंडीकडे जाणारीं अवजड वाहनें तेथें एकदां दाटलीं, म्हणजे डोंबिवलीहून निघालेल्या गृहस्थास चक्रावर हात ठेवून स्वस्थ बसण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं गाडींतील संगीत ही चैन राहत नाहीं. परंतु गाडी वीस-पंचवीस वर्षांपूर्वींची असली, तर कारखान्यांतून तिच्याबरोबर आलेल्या यंत्रांत बहुधा रेडिओ आणि कॅसेट एवढ्याच दोन वाटा असतात. आणि हौसेनें जमविलेलें गाणें असतें खिशांतल्या मोबाईलमध्यें. या दोघांची गांठ कशी घालावी?

नवें यंत्र बसविणें हा सरळ उपाय खरा. पण पुष्कळ गाड्यांत मूळ यंत्राचा दर्शनी भाग समोरच्या फळीच्या घाटाशीं असा जुळविलेला असतो कीं, तें काढल्यावर ती जागा विद्रूप दिसते. शिवाय चालतें यंत्र भंगारांत टाकणें संसारी माणसाच्या जिवावर येतें.

फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट आणली, तिचाच येथें उपयोग होतो. पोकळ कॅसेटींत एक लहानसें चुंबकीय डोकें बसवून त्यास तार जोडलेली मिळते. यंत्राचें डोकें त्यालाच फीत समजून वाचतें. कॅसेटचा कप्पा धड असेल, तर याहून स्वस्त आणि निर्धोक युक्ति नाहीं. लहानशा एफ. एम. प्रक्षेपकाची गोष्ट वेगळी. मुंबई-ठाण्याकडे ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झची पट्टी इतकी गजबजलेली आहे कीं, गाडी थोडी पुढें सरकली कीं आपल्या गाण्यांत भलतेंच स्टेशन शिरतें.

कप्पाच बिघडलेला असेल, तर मात्र यंत्र उघडावें लागतें. कॅसेटच्या भागांतून निघालेला क्षीण आवाज आवाजनियंत्रकाकडे ज्या वाटेनें जातो, ती वाट मध्येंच तोडून तेथें जॅक बसवावयाचा. हा जॅक आपोआप वाट बदलणारा असावा. प्लग घातला कीं कॅसेटची वाट तुटते, काढला कीं पुन्हां जुळते. डाव्या-उजव्या दोन्ही वाटांत एकेक कपॅसिटर घालावा, कारण तेथें ध्वनीबरोबर स्थिर दाबाची वीजहि असते. स्पीकरच्या तारांना मोबाईल जोडण्याचा मोह मात्र अगदीं टाळावा. बहुतेक नव्या यंत्रांत त्यांपैकीं एकहि तार गाडीच्या बॉडीशीं जोडलेली नसते, आणि प्रत्येक तारेवर बॅटरीच्या सुमारें निम्मा, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास, दाब असतो.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि तीहि सोडण्यापूर्वीं यंत्राचा गुप्त क्रमांक शोधून ठेवावा. कांहीं यंत्रें चोरीच्या धाकानें बनविलेलीं असतात. वीज गेली कीं तीं मालकालाच चोर समजून क्रमांक विचारतात! पिवळ्या वेष्टनाच्या तारा दिसल्या तर त्यांस हात लावूं नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात, आणि तेथील चूक गाण्यापुरती राहत नाहीं. ब्लूटूथचा लहान ग्राहक बसविणाऱ्यानें त्याची वीज फ्यूजमधून आणि किल्लीबरोबर बंद होणाऱ्या तारेवरून घ्यावी. फ्यूज नसलेली तार घासून उघडी पडली, तर आग लागावयास वेळ लागत नाहीं.

सर्व नीट जुळल्यावरहि एक तक्रार उरते. मोबाईल गाडींतच चार्ज होत असतांना गाण्यामागें बारीक शीळ ऐकूं येते. रांगेंत उभ्या गाडींत ती खालच्या सुरांत असते. पुढचा कंटेनर हलला आणि पाय ॲक्सिलरेटरवर पडला कीं सूरहि चढतो. कारागिरास दोष देऊन उपयोग नाहीं. चार्जरची तार आणि ध्वनीची तार या दोन्ही वाटांनीं मोबाईल बॉडीशीं जोडला जाऊन फेरा पूर्ण होतो, आणि अल्टरनेटरची कुरकूर त्यांत शिरते. चार्जर काढून पाहावा. शीळ थांबली, तर निदान ठरलें. मग ध्वनीच्या तारेंत समान वेढ्यांचा लहान ट्रान्स्फॉर्मर घालावा. त्यांतून गाणें पलीकडे जातें, कारण तें चुंबकत्वाच्या वाटेनें जातें; तांब्याची वाट मात्र तेथें तुटलेली असते.